सोमवारचा गठ्ठा

सरकारी हायस्कुलांची क्रमवारी कोण लावतं असं कुणाला विचारलं, तर लोक म्हणतील मोठी समिती असेल, दहा-बारा विद्वान असतील, नाहीतर कॉम्प्युटरच लावत असेल. कसलं काय! ती लावायची एक बाई, शिक्षण खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. खिडकी उघडली की कागद उडायचे आणि लावून घेतली की जीव घुसमटायचा, अशी ती खोली. खात्यात तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे पुढे तीच फोन उचलून म्हणायची, "हां, आकडेबाई बोलतेय." वाद घालायचा कंटाळा, दुसरं काय.

क्रमवारीचं काम दिसायला सोपं. प्रत्येक शाळेच्या पाच गोष्टी घ्यायच्या. शेवटच्या परीक्षेतले गुण, पास किती झाले, हजेरी, खालच्या वर्गात आलेल्यांपैकी शेवटच्या वर्गापर्यंत किती टिकले, आणि पालकांचं मत. प्रत्येकाला वजन ठरलेलं. बेरीज करायची, शंभरपैकी एक आकडा काढायचा आणि शाळा वरपासून खालपर्यंत मांडायच्या. वरच्या दहा शाळांच्या मुख्याध्यापकांचे फोटो पेपरात येतात. खालच्या दहा बंद होतात. बंद म्हणायचं नाही, विलीनीकरण म्हणायचं. म्हणजे मुलं जवळच्या शाळेत आणि इमारत खात्याच्या ताब्यात. मधल्या शाळांचं कुणालाच काही पडलेलं नसतं.

पेपरवाले दरवर्षी फोन करून विचारायचे, अमकी शाळा तमकीपेक्षा वीस नंबरांनी वर आहे, म्हणजे किती चांगली आहे हो? ती म्हणायची, वीस नंबरांनी. खरं उत्तर होतं, अजिबात नाही. परीक्षेच्या दिवशी चार पोरांना ताप आला की तेवढ्या वीस नंबरांचा निकाल लागतो. पण ते फोनवर सांगायची सोय नव्हती. साहेबांना आकडा हवा असे, मंत्र्यांना आकडा हवा असे, आणि आकडा एकदा छापला की लोक त्यावर घरं बदलत. सुरुवातीची काही वर्षं तिनं भांडून पाहिलं. मग हात टेकले.

आता घोडं कुठे अडलं ते सांगतो. तिचा सख्खा मोठा भाऊ यातल्याच एका शाळेचा मुख्याध्यापक होता. ही लपवाछपवी नव्हती. तिनं पहिल्याच वर्षी साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "बरंच झालं की, म्हणजे तुम्हाला शाळेतलं कळतं." विषय संपला.

दादाची शाळा गोदामांच्या मागे. आजूबाजूला वेल्डिंगची दुकानं, पत्र्याच्या शेडी आणि दिवसरात्र येणारे-जाणारे ट्रक. चांगल्या म्हणवणाऱ्या शाळा परीक्षेच्या आधी कच्ची पोरं हळूच काढून टाकतात, पालकांना बोलावून गोड बोलतात, "याला इथे झेपत नाहीये, दुसरीकडे बघा." त्यांचा निकाल त्यानं उजळतो. आणि ती पोरं जातात कुठे? दादाकडे. दादा कुणाला नाही म्हणायचा नाही. याला गुण म्हणा नाहीतर खोड, पण त्याच्या शाळेचा आकडा दरवर्षी त्यापायी मार खायचा. गेल्या वर्षी ती बंद होण्याच्या रेषेच्या जेमतेम वर राहिली होती.

त्याला स्वतःची काळजी नव्हती, दोनच वर्षं राहिली होती नोकरीची. काळजी होती पुलाची. शाळा बंद झाली तर मुलांना जायला लागणार पुलापलीकडच्या शाळेत. त्या पुलाला फुटपाथ नाही. एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूनं ट्रक, मधे सायकलवाला अंग चोरून जातो. "मुलं एक वेळ जातील," दादा म्हणायचा, "पण मुलींना घरचे पाठवणार नाहीत गं बारके. घरी बसवतील. आणि घरी बसली की संपलं." बहिणीला तो अजून बारकीच म्हणायचा, तिचे केस पांढरे झाले तरी.

त्या रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली तेव्हा दादा गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता. घोटे सुजलेले. वहिनी स्वयंपाकघरातून तोंडाचा पट्टा चालवत होती. "विचारा त्यांना, या वयात दारोदार हिंडायला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, पालकांचे मताचे फॉर्म," दादा खुशीत म्हणाला. "दरवर्षी वाटायचो आणि चार परत यायचे. या वर्षी ठरवलं, आपणच जायचं. एकेका घरी गेलो. वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवलं, लिहिता येत नाही त्यांचं लिहून दिलं. ते बोलले तसंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. अर्ध्याहून जास्त घरांनी दिलेत, विश्वास बसेल तुझा? एक गठ्ठा आधीच पाठवलाय, उरलेला उद्या सकाळी देतो."

पानं वाढून झाली होती, आकडेबाईनं हातातला घास परत ताटात ठेवला. कारण एक नियम होता, आणि तो तिनंच करून घेतला होता. एक तृतीयांशपेक्षा कमी घरांनी फॉर्म दिले, तर ते मत धरायचं नाही. त्या शाळेला सगळ्या शाळांच्या मताची सरासरी द्यायची. चार नाराज लोकांनी लिहिलं म्हणून लहान शाळा मारली जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. पण हुशार लोक कुठे गप्प बसतात? ज्या शाळांवर पालक बोटं मोडायचे, त्यांनी फॉर्म वाटायचंच बंद केलं. आयती सरासरी पदरात. दादालाही इतकी वर्षं तीच मिळत होती, त्याला माहीत नसताना. आणि आता हा बाबा पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडून एक तृतीयांशाची रेषा ओलांडून आला होता.

तिला सांगता आलं असतं. दादा, तो दुसरा गठ्ठा नको देऊस, एवढं एक वाक्य. पण मोजणीच्या आधी बाहेर बोलायचं नाही हा खात्याचा दंडक, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की तिची जीभ उचलली नाही. तिनं पुढचा घास घेतला. "काय लिहिलंय लोकांनी?" एवढंच विचारलं.

"खरं ते लिहिलंय," दादा म्हणाला.

सोमवारी गठ्ठा आला. आता या सोमवारचं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फॉर्म द्यायची शेवटची तारीख शुक्रवार. पण शनिवार-रविवार कचेरी बंद, आणि शुक्रवारी संध्याकाळी टपालाच्या खिडकीवर ही झुंबड. म्हणून वहिवाट अशी पडली होती की सोमवारी दुपारपर्यंत जे येईल ते शुक्रवारचं धरायचं. कुठे लिहिलेलं नाही, कुणी हुकूम काढलेला नाही, पण वर्षानुवर्षं चाललेलं. अर्ध्या शाळांचे गठ्ठे सोमवारीच यायचे.

आकडे बसवायला तिला पुढचे काही आठवडे लागले. एके दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेलेले असताना, तिनं शेवटची बेरीज केली आणि खालून शाळा मोजल्या. दादाची शाळा खालून दहावी. तिच्या लगेच वर पुलापलीकडची शाळा. दोघींमधे फरक इतका बारीक की छापताना दोन्ही आकडे सारखेच दिसले असते.

तिनं दादाचे फॉर्म काढले आणि वाचत बसली. हे तिचं काम नव्हतं. तिला फक्त चौकटीतल्या खुणा मोजायच्या होत्या. लोकांनी लिहिलं होतं, संडासाला दार नाही. गणिताला दोन वर्षं शिक्षक नाही, सर स्वतः शिकवतात पण त्यांना सारखं खात्यात बोलावतात. बाकं मोडलीत. एका वेल्डरनं सांगितलेलं दादाच्याच वळणदार अक्षरात होतं, "माझा मुलगा दोन शाळांनी काढला. इथे त्याला कुणी हाकललं नाही. पण छत गळतं." खालच्या चौकटीत शाळेला पाचपैकी दोन. हाकललं नाही याला चौकटच नव्हती. असेच सगळे. माणसं शाळेवर रागावलेली नव्हती, त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं आणि त्यांनी इमानानं उत्तर दिलं होतं. त्या इमानाचीच शाळेला शिक्षा होणार होती.

तिला संताप आला. कुणावर म्हणाल तर सगळ्यांवर. साहेबांवर, हुशार शाळांवर, दादाच्या सुजलेल्या पायांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या शहाण्या नियमावर. त्या संतापात तिनं सोमवारच्या गठ्ठ्याला नाडी बांधली, वर लिहिलं, "मुदतीनंतर प्राप्त", आणि तो कपाटात टाकला. यात खोटं एक अक्षर नव्हतं. गठ्ठा मुदतीनंतरच आला होता. बाकीच्या शाळांचे सोमवारचे गठ्ठे तिनं शुक्रवारात धरले, दरवर्षीसारखे.

उरलेले फॉर्म एक तृतीयांशाच्या खाली गेले. दादाच्या शाळेला सरासरी मिळाली. शाळा रेषेच्या वर आली आणि तिच्या जागी पुलापलीकडची खाली उतरली. आकड्यांची यादी साहेबांकडे गेली, साहेबांनी पहिलं पान बघून सही केली. जेवून आलेली मंडळी जांभया देत होती. आकडेबाईनं चहा मागवला आणि तो तसाच निवू दिला.

यादी छापून आली त्या दिवशी वहिनीचा फोन आला, आवाज नुसता फुललेला. "वाचलो गं बाई. त्यांच्या पायांचं चीज झालं."

दादा मात्र दोन दिवसांनी तिच्या घरी आला, संध्याकाळी, शाळेतून परस्पर. खुर्चीत बसला आणि चप्पल काढली. तिनं चहा ठेवला.

"दरवर्षीसारखी यंदाही आमच्या नावापुढे चांदणी छापलीये," तो म्हणाला. "खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पालकांचा प्रतिसाद अपुरा."

"गठ्ठा उशिरा आला," ती म्हणाली.

"दरवर्षी सोमवारीच देतात सगळे."

दादानं कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एवढी वर्षं मुलांच्या चोऱ्या पकडलेला माणूस तो, त्याला काय कळायचं राहिलं असणार? पण त्यानं हात वर केला. "मला काही सांगू नकोस. सांगितलंस तर मला काहीतरी करावं लागेल. मी दमलोय बारके."

"दादा, मी..."

"नको म्हटलं ना." मग म्हणाला, "तो वेल्डर आहे ना, तो आज फाटकात उभा होता. म्हणाला, सर, आमचा प्रतिसाद अपुरा कसा, माझ्या अख्ख्या गल्लीनं दिला होता. मी म्हटलं, पोचला असेल रे. तो म्हणाला, पण वाचला का कुणी? मी म्हटलं, वाचला."

"मी वाचला," ती म्हणाली.

"वाचलास ना? मग मी खोटं नाही बोललो." त्यानं चहा संपवला आणि गेला. पायात चप्पल घालताना त्याला दोनदा वाकावं लागलं.

इथवर सगळं निभावलं असतं. पण बंद होणाऱ्या प्रत्येक शाळेत खात्याला सभा घ्यावी लागते, आणि आकडे समजावून सांगायला खात्यातून कुणीतरी जावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आकडेबाई. मुलं ज्या शाळेत जाणार तिच्या मुख्याध्यापकांनाही बोलावतात. म्हणजे पुलापलीकडच्या शाळेच्या सभेत एका खुर्चीवर ती आणि शेजारच्या खुर्चीवर दादा.

सभेत आरडाओरडा होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही. लोक कामावरून सुट्टी काढून आले होते आणि त्यांना लवकर परत जायचं होतं. मागून एक बाप उठला आणि म्हणाला, "तुमच्या आकड्यांचं आम्हाला कळत नाही. एवढंच सांगा, पुलावरून माझी मुलगी जाणार कशी?" एक आई म्हणाली, ती तर मुलीला नाहीच पाठवणार, धाकट्याला सांभाळायला ठेवेल. हे ती रागानं म्हणाली नाही, बाजारात काय मिळालं नाही ते सांगावं तसं म्हणाली. दादा मान खाली घालून बसला होता. त्याचंच वाक्य होतं ते.

सभा संपल्यावर तिथल्या मुख्याध्यापिकाबाई दोघांना आपल्या खोलीत घेऊन गेल्या. बाई ठेंगण्या, आवाज सभेत बोलून बसलेला. खोलीत निम्मं सामान बांधून झालं होतं. त्यांनी स्वतः पाण्याचे पेले भरून दिले.

"भांडायला नाही बोलावलं," बाई म्हणाल्या. "फक्त कळू द्या, आम्ही घसरलो कशात? माझे शिक्षक एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. गणितवाल्या सरांना वाटतं त्यांच्यामुळे झालं. ते चार दिवस नीट जेवलेले नाहीत."

"तुम्ही घसरला नाहीत," आकडेबाई म्हणाली. "मागच्या वर्षीपेक्षा थोड्या वरच आहात."

"मग?"

"खालची शाळा वर गेली."

बाईंनी दादाकडे पाहिलं. त्या नजरेत ना राग ना हेवा, उलट कौतुक होतं. "सर, एका वर्षात काय केलंत हो? आमच्या लोकांना एकदा येऊन सांगा. निदान नव्या शाळेत तरी त्यांना उपयोग होईल."

दादा पेल्याशी चाळा करत राहिला. "काही नाही केलं बाई," तो शेवटी म्हणाला. "दरवर्षी करतो तेच केलं."

बाईंना तो विनय वाटला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असं कसं, काहीतरी असेलच." आणि दादानं बहिणीकडे पाहिलं. सांग असं त्याची नजर म्हणत नव्हती आणि गप्प बस असंही म्हणत नव्हती. तो नुसता दमलेला माणूस होता, ज्याला आता आणखी एक खोटं पेलवणार नव्हतं.

तिनं सांगितलं. सोमवारची वहिवाट, गठ्ठा, नाडी, कपाट, सगळं. बोलताना तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो सभेत आकडे सांगताना असतो तसाच सपाट निघाला. बाईंनी मधे एकदाच विचारलं, "सगळ्यांचे सोमवारचे धरलेत, आणि फक्त यांचे नाही?" ती म्हणाली, हो.

बाहेर कुणीतरी सभेच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवत होतं.

"हे मला कशाला सांगितलंत?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणखीच बसला होता. "आम्ही नापास झालो हे मी पचवलं होतं. मुलांना समजावलं, शिक्षकांना समजावलं, म्हटलं हिशोबात बसलो नाही, कुणाचा दोष नाही. रडून झालं आमचं. आता तुम्ही मोकळ्या झालात, आणि मी काय करू? गप्प बसले तर माझ्या मुली पुलावर. बोलले तर यांच्या."

आकडेबाईला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. काही झालं नाही. तिला लाज वाटली, आणि त्याहूनही जास्त त्या बाईंच्या पुढ्यात नुसतं बसून राहण्याची लाज वाटली.

"तुम्ही काहीच करायचं नाही," ती म्हणाली. "मी लिहून देते खात्याला. मोजणी पुन्हा होईल."

"आणि खालून दहावी?" बाईंनी विचारलं.

खोलीत तिघंही होती आणि तिघांनाही मोजता येत होतं. तिनं पर्स उघडली, पेन सापडलं, कागद सापडेना.

दादा उठला. सुजलेला पाय आखडला होता, म्हणून टेबलाचा आधार घेत कपाटापर्यंत गेला, बाईंना विचारून एक कोरा कागद घेतला आणि बहिणीपुढे आणून ठेवला. मग शेजारी खुर्ची ओढून बसला.

"शाळेचं नाव पूर्ण लिही," तो म्हणाला. "खात्यातले लोक अर्धंच लिहितात."